हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा उडतंय? आधी जाडीचा आणि धातूचा हिशेब तपासा

ट्रॅक्टरला नवं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधली सील, टाकलं, इंजिन छान चालू झालं, आणि उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढायला लागल्यावर महिनाभरात रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे. मग दुसरं गॅस्केट, त्यावर सिलिकॉनचा थर, बोल्ट जरा जास्तच आवळलेले, आणि तरीही तेच. ही तक्रार इतकी नेहमीची झाली आहे की गॅस्केट ही वरचेवर बदलायचीच वस्तू आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. नीट बसवलेलं गॅस्केट इंजिनचं पुढचं मोठं काम निघेपर्यंत टिकायला हवं. ते लवकर गेलं तर ज्या दोन पृष्ठभागांमध्ये ते दाबलं जातं त्यांचं माप बिघडलेलं असतं, आणि नवं गॅस्केटही त्याच बिघडलेल्या मापावर बसवलेलं असतं.

इथे एक ठरावीक प्रकार डोळ्यांपुढे ठेवला आहे: पाण्याने थंड होणारं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल, टर्बो नसलेलं, बिडाचा ब्लॉक, बिडाचं सपाट तळाचं हेड, ओले लायनर (सिलिंडरच्या सुट्या नळ्या, ज्यांना बाहेरून थेट पाणी लागतं), बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ११० मिमी. आकडे या प्रकाराला सर्वसाधारण लागू पडणारे आहेत. तुमच्या इंजिनचं नेमकं माप त्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

१०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. डिझेल जळतं त्या क्षणी दाब ९० बार धरला, तर एका सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारा जोर सात टनांहून अधिक होतो. २००० आरपीएमला हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० वेळा बसतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली चूक इथे का महाग पडते, ते यावरून ध्यानात येईल.

जुनं गॅस्केट भंगारात टाकू नका

हेड उतरवलं की आधी गॅस्केट पुसून उजेडात धरा. कुठलं सिलिंडर, कुठली बाजू, वर कुठला भाग हे खडूने लिहून ठेवा, कारण एकदा काढून ठेवल्यावर पुढचं-मागचं कळत नाही.

दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीत जळलेलं असेल, तर हेड वाकलं आहे किंवा शेजारच्या दोन लायनरांची उंची जुळत नाही. एकाच सिलिंडरच्या आगीच्या कड्याभोवती, म्हणजे बोअरच्या कडेला असलेल्या धातूच्या रिंगभोवती, जवळपास पूर्ण गोल काळा पट्टा असेल, तर त्या सिलिंडरचा लायनर खाली बसला आहे. कडं चांगलं पण पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या असतील, तर दोष कूलंटचा. कड्यावर दाबाची खूणच फिकी, सगळीकडे सारखी फिकी असेल, तर बोल्टांचा ताण कमी पडला. आणि गॅस्केटच्या अंगावर आडवे घासल्याचे चट्टे दिसले तर हेड ॲल्युमिनियमचं असणार, त्याचं पुढे बघू.

एवढं पाहण्यात दहा मिनिटं जातात आणि अर्धं निदान इथेच होतं. जुनं गॅस्केट न पाहता नवं मागवणारा मिस्त्री अंदाजाने काम करतो आहे, असं खुशाल समजावं.

लायनर ब्लॉकच्या वर किती?

ओल्या लायनरच्या इंजिनात पुन्हा पुन्हा गॅस्केट जाण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे, आणि सर्वांत कमी तपासलं जाणारंही हेच. लायनरची कॉलर ब्लॉकमधल्या खाचेत बसते आणि तिची वरची कड ब्लॉकच्या फेसपेक्षा, म्हणजे वरच्या सपाट पृष्ठभागापेक्षा, किंचित वर राहते. बहुतेक इंजिनांत ही उंची ०.०५ ते ०.१२ मिमी असते. या उंचीमुळे बोल्टांचा सगळ्यांत जास्त दाब आगीच्या कड्यावर येतो, जिथे ९० बार अडवायचे आहेत. पाण्याच्या भोकांना एखाद-दुसरा बारच अडवायचा असतो, त्यांना कमी दाब पुरतो.

उंची कमी झाली की कड्याला पुरेसा दाब मिळत नाही, गरम वायू वाट काढतो आणि एकदा वाट सापडली की धातू कापत जातो. उंची जास्त झाली तर हेड लायनरवरच टेकतं, मधे वाकतं, पाण्याची भोकं सैल राहतात आणि कॉलरवर नको तेवढा ताण येतो. म्हणून 'थोडं जास्त वर ठेवू, घट्ट बसेल' हा विचार चुकीचा.

मोजायची पद्धत अशी. ब्लॉकचा फेस आणि खाच कार्बन व गंज काढून कोरडी करा. लायनर ओ-रिंगशिवाय आत सोडा. ओ-रिंग लावून मोजलं तर रबर लायनरला वर धरून ठेवतं आणि माप खोटं येतं. बरेच जण इथेच फसतात. दोन जाड पट्ट्या आणि बोल्ट वापरून लायनर खाली दाबून धरा. डायल गेज ब्लॉकच्या फेसवर शून्य करा आणि लायनरच्या कडेवर चार ठिकाणी, ९०-९० अंशांवर, वाचन घ्या. एकाच लायनरच्या चार वाचनांत ०.०३ मिमीहून जास्त फरक असेल तर खाच तिरकी झिजली आहे. शेजारच्या दोन लायनरांत ०.०५ मिमीहून जास्त फरक नको.

खाच झिजते कशी? प्रत्येक धक्क्याला लायनर सूक्ष्म हलतो, आणि बिडाची बैठक त्याखाली हळूहळू कुटली जाते. त्यात घाण पाणी शिरलं तर गंज भर घालतो. उपाय एकच: खाच बोअरिंग मशीनवर किंवा हाताने फिरवायच्या काउंटरबोअर टूलवर एकसारखी कापून घ्यायची आणि कापलेली खोली पोलादी शिमने (पातळ कड्याने) भरून काढायची. शिम एकच, योग्य जाडीचा. तीन-चार पातळ शिम एकावर एक ठेवू नका. तांब्याचा पत्रा किंवा डब्याचं टिन कापून केलेला शिम तर नकोच. मऊ धातू दाबाखाली पसरतो आणि दोन महिन्यांत लायनर पुन्हा खाली.

खाच कापताना एक बारीक गोष्ट पाहून घ्या. लायनरच्या कॉलरखाली, जिथे ती भिंतीला मिळते तिथे, छोटी गोलाई असते. खाचेच्या आतल्या कडेला तेवढी तासणी मारलेली नसेल किंवा कापल्यावर बुरी राहिली असेल, तर कॉलर आपल्या सपाट भागावर टेकत नाही, त्या गोलाईवर टेकते. हेड आवळताना किंवा पहिल्या जड कामात कॉलर रिंगसारखी तुटून वेगळी होते. मग दोष लायनरच्या कंपनीवर जातो. बीड दाब भरपूर सोसतं, पण ताण आणि वाकणं त्या मानाने फार कमी. ताणाच्या तीन-चारपट दाब ते सहज घेतं. म्हणून बिडाच्या प्रत्येक भागाला पूर्ण, सपाट टेक मिळायला हवा.

लायनरची भिंत एवढी जाड कशासाठी?

ओल्या लायनरची भिंत साधारण ६ ते ८ मिमी, सुक्या लायनरची २ मिमीच्या आसपास. ७ मिमी भिंतीत ९० बारने येणारा ताण सुमारे ६४ मेगापास्कल. लायनरचं बीड २०० ते २५० मेगापास्कलला तुटतं, म्हणजे निव्वळ ताकदीला ७ मिमी पुष्कळ झाले. २ मिमीच्या भिंतीत तोच ताण २२५ मेगापास्कलवर जातो. सुका लायनर तगतो तो पाठीमागून ब्लॉक चिकटून आधार देतो म्हणून.

मग ओल्या लायनरला ही जास्तीची जाडी हवी कशाला? थरथर आवरायला. पिस्टन वरून खाली वळताना लायनरच्या एका बाजूवर आपटतो आणि भिंत घंटेसारखी थरथरते. भिंत आत गेली की बाहेरच्या पाण्यात क्षणभर पोकळी होऊन वाफेचे बुडबुडे तयार होतात, भिंत परत आली की ते फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूचा कण उचलतो. काही काळाने लायनरच्या बाहेरच्या अंगावर, क्रँकशाफ्टला काटकोनातल्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे उभ्या रांगेत दिसतात आणि शेवटी एक आरपार जातो. पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, आणि लक्षणं हुबेहूब गॅस्केट उडाल्यासारखीच! तीन गॅस्केटं बदलूनही पाणी जातच असेल तर लायनर बाहेर काढून ही बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वस्त लायनर घेताना भिंतीची जाडी व्हर्नियरने मोजा. मूळ लायनरपेक्षा भिंत अर्धा मिमी जरी पातळ असली तरी ती जास्त थरथरणार. पिस्टन-लायनरमधला गाळा वाढलेला असेल तर आपटणंही वाढतं.

हेडला फेस मारल्यावर काय बदलतं

हेड तपासायला चांगली स्ट्रेट एज आणि फिलर गेज लागतो. दोन्ही कर्ण, लांबीच्या तीन रेषा आणि प्रत्येक दोन सिलिंडरांमधली आडवी रेषा तपासा. कुठल्याही १५० मिमी लांबीत ०.०५ मिमी आणि पूर्ण लांबीत ०.१० मिमीच्या वर फट असेल तर हेड वाकलं आहे. फेस मारायला, म्हणजे तळ तासून सपाट करायला, लेथवाल्याकडे देण्याआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या, शक्यतो गरम पाण्याने, कारण बारीक तडा थंड हेडमध्ये मिटलेला असतो. आधी फेस मारून मग तडा सापडला तर मजुरी वाया.

आता एक गैरसमज. 'हेड घासलं, आता जाड गॅस्केट टाकावं लागेल, नाहीतर पिस्टन हेडला लागेल.' पेट्रोल इंजिनाला, जिथे जळण्याची खोली हेडमध्ये कोरलेली असते, यात काहीसं तथ्य आहे. सपाट तळाच्या डिझेल हेडला मात्र हे लागू नाही. तिथे खोली पिस्टनच्या डोक्यात आहे. हेडचा तळ ०.३ मिमी तासला तरी तो गॅस्केटवर पूर्वीच्याच पातळीला बसतो, पिस्टन आणि हेड यांतलं अंतर तेवढंच राहतं. ते बदलतं ब्लॉकचा फेस कापल्यावर.

हेड तासल्यावर बदलतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. व्हॉल्व्हचं तोंड हेडच्या तळापासून जेवढं आत होतं, ते ०.३ मिमीने कमी होतं. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलचं टोक ०.३ मिमी जास्त बाहेर डोकावतं. फवारा पिस्टनच्या खोलीत चुकीच्या उंचीवर आदळतो, काळा धूर येतो, पिस्टनची कड जळते. म्हणून फेस मारल्यावर व्हॉल्व्ह सीट खोल कापून व्हॉल्व्हची खोली मॅन्युअलप्रमाणे आणा, आणि नोझलचं बाहेर आलेलं टोक मोजून तांब्याच्या वॉशरच्या जाडीने ते जुळवा. जुना वॉशर भोकात चिकटून राहिला आहे का ते टॉर्च लावून पाहा. त्यावर नवा बसवला तर टोक गरजेपेक्षा आत जातं.

फेस किती वेळा मारता येईल? बऱ्याच इंजिनांत मर्यादा एकूण ०.२ ते ०.३ मिमी असते, काही बनावटींत अजिबात परवानगी नसते. कारण आगीकडच्या तळाची जाडी मोजून ठेवलेली असते. दाबाला तळ जाड हवा, कारण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: १० मिमीचा तळ ९ मिमी झाला की ताठपणा २७ टक्के कमी. उष्णतेला तळ पातळ हवा, कारण जाड तळाची आगीकडची बाजू जास्त तापते आणि पाण्याकडची थंड राहते. या फरकानेच दोन व्हॉल्व्हमधल्या अरुंद पुलावर तडे जातात. डिझाइन करणाऱ्याने या दोहोंमध्ये निवडलेली जाडी म्हणजे तुमच्या हातातलं हेड. ते दर हंगामाला तासत राहिलात तर काही वेळाने नवं गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी हेडच प्रत्येक धक्क्याला मधे उचलणार.

गॅस्केटची जाडी

आपल्या उदाहरणातल्या सिलिंडरचं स्ट्रोकचं घनफळ ८६४ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (दाबण्याआधीचं आणि दाबल्यानंतरचं घनफळ यांचं प्रमाण) १७.५ असेल तर वर उरलेली जागा ५२.४ सीसी. ०.३ मिमी जाड गॅस्केट टाकलं की त्यात २.४ सीसीची भर पडते आणि रेशो १६.८ वर येतो. थंडीत सकाळी इंजिन उशिरा धरतं, पांढरा धूर ओकतं, आणि लोक नोझल-पंपाच्या मागे लागतात. दोन गॅस्केटं एकावर एक टाकणं तर यापेक्षा वाईट: मधला सांधा घसरतो, दाब सहन होत नाही.

पातळ गॅस्केट टाकलं तर पिस्टन जवळ येतो. पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या दांडीच्या) वर ६० मिमी उंची असलेला ॲल्युमिनियमचा पिस्टन १५० अंशांनी तापला की सुमारे ०.१८ मिमी वाढतो; त्यात बेअरिंगचा गाळा मिळवा. म्हणून ब्लॉकचा फेस कापला असेल किंवा पिस्टन-रॉड बदलले असतील तर वरचं अंतर मोजायलाच हवं. पिस्टन सर्वांत वर आणून डायल गेजने तो ब्लॉकच्या किती वर येतो ते पाहा, आणि दाबल्यानंतरच्या गॅस्केटच्या जाडीतून ते वजा करा. दुसरी पद्धत शिशाच्या तारेची: पिस्टनवर पिनच्या दिशेत दोन बाजूंना तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवून, जुनं गॅस्केट टाकून हेड पूर्ण आवळायचं, हाताने क्रँक फिरवून पिस्टन वरून पार करायचा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजायची. तार पिनच्या काटकोनात ठेवली तर पिस्टन कलतो आणि माप चुकतं. पोलादी थरांच्या गॅस्केटावर कडेला भोकं किंवा खाचा असतात, त्या जाडीचा दर्जा दाखवतात. जुन्यावर जेवढ्या तेवढ्याच नव्यावर, हे दुकानातच पडताळून घ्या.

पोलादी थरांच्या गॅस्केटला फेस फार गुळगुळीत लागतो, ग्रॅफाइटच्या गॅस्केटला किंचित खरबरीत चालतो. ग्राइंडिंगवाल्याला कुठलं गॅस्केट बसणार आहे ते आधी सांगा. दोन्हींवर सिलिकॉन लावू नका. तो ठिकठिकाणी जाड राहून दाब चोरतो, आणि त्याचे तुकडे पाण्याची बारीक भोकं बुजवतात.

बोल्ट म्हणजे स्प्रिंग

हेड बोल्ट लांब असतात ते उगीच नाही. १२० मिमी मोकळ्या लांबीचा, ताकदीच्या १०.९ दर्जाचा एम-१२ (१२ मिमी जाड) बोल्ट योग्य आवळल्यावर सुमारे ०.३४ मिमी ताणला जातो आणि पाच टनांच्या आसपास जोराने धरतो. गॅस्केट नंतर ०.०३ मिमी बसलं तर त्याचा ताण ९ टक्क्यांनी उतरतो. तोच बोल्ट ४० मिमी लांबीचा असता तर तेवढ्याच बसण्याने ताण २६-२७ टक्क्यांनी उतरला असता. म्हणून तुटलेल्या बोल्टाच्या जागी कमी ताकदीचा ८.८ चा किंवा जाड बुशी घालून भलत्याच लांबीचा बोल्ट टाकू नका. एका बोल्टाने फसवलं तरी शेजारचं गॅस्केट जातं.

टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) दिलेल्या जोरापैकी सुमारे १० टक्केच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा आट्यांमधल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात. गंजलेले, कोरडे आटे असतील तर पाना 'कट' म्हणतो पण बोल्ट सैलच असतो. त्यामुळे:

१. ब्लॉकमधले आटे टॅप फिरवून साफ करा, हवा मारून भोकं कोरडी करा. बंद भोकात तेल-पाणी राहिलं तर बोल्ट ते दाबतो आणि ब्लॉक तडकतो.
२. बोल्टाची लांबी आणि मानेची जाडी नव्या बोल्टाशी ताडून पाहा. मान बारीक झालेला बोल्ट बाद. अंशांत आवळायचे, म्हणजे टॉर्कनंतर ठरावीक कोनात फिरवायचे, बोल्ट दर वेळी नवेच.
३. आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात लावा, मॅन्युअलने कोरडं सांगितलं नसेल तर.
४. मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. शेवटचं माप ११० न्यूटन मीटर असेल तर ४५, ८०, ११०.

ॲल्युमिनियमचं हेड असेल तर

ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. ६०० मिमी लांब हेड ९० अंशांनी तापलं तर ते सुमारे १.२ मिमी वाढतं, खालचा बिडाचा ब्लॉक ०.६ मिमीच. दर वेळी इंजिन तापताना-निवताना गॅस्केटवरून हेड सरकतं. त्यामुळे अशा जोडीला पोलादी थरांचं गॅस्केट जास्त टिकतं. एकदा पाणी संपून तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड बहुधा वाकतं, शिवाय मऊही पडू शकतं. बोल्टाच्या डोक्याखाली वॉशर रुतल्याचे खड्डे दिसले तर फेस मारण्यावर पैसे घालू नका.

पाणी आणि टायमिंग

बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घालणं थांबवा. एक मिमी क्षाराचा थर उष्णता अडवण्यात निदान २५ मिमी बिडाइतका भारी असतो. हेडचा तळ योग्य जाडीचा असूनही तो मग जाड तळासारखाच तापतो, व्हॉल्व्हमधला पूल तडकतो. कूलंट आणि क्षारविरहित पाणी मॅन्युअलमधल्या प्रमाणात घाला. कूलंटमधली रसायनं लायनरचे खड्डेही रोखतात. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीतला भुसा रोज झाडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका.

ताकद वाढावी म्हणून डिझेल पंपाचं टायमिंग (डिझेल फवारण्याचा क्षण) पुढे, म्हणजे आधी, घेतलेलं असेल तर ते मूळ खुणेवर आणा. टायमिंग पुढे गेलं की जळण्याचा कमाल दाब वाढतो, आणि वर केलेला सात टनांचा हिशेब मोडतो. गळकं नोझलही हेच करतं.

जोडल्यावर

इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. ग्रॅफाइट गॅस्केट असेल आणि मॅन्युअल सांगत असेल तर पुन्हा टॉर्क करा: एका वेळी एकच बोल्ट, त्याच क्रमाने, आधी १५-२० अंश सैल करून मग पूर्ण मापाला. त्यानंतर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) पुन्हा लावा, कारण हेड थोडं खाली बसलेलं असतं. अंशांत आवळलेल्या बोल्टांना हा दुसरा हात लावायचा नाही.

नंतर थंड इंजिनवर रेडिएटर काठोकाठ भरा, पंख्याचा पट्टा काढा आणि टोपण उघडं ठेवून इंजिन एक-दोन मिनिटं चालवा. त्याहून जास्त नको. पाण्याचा पंप बंद असल्याने वायूचे बुडबुडे लपत नाहीत. सुरुवातीला अडकलेली हवा निघेल, ती थांबली पाहिजे. एक्सिलरेटर दिल्यावर बुडबुड्यांची माळ लागली, तर एकेका नोझलचा पाइप सैल करून ते सिलिंडर बंद पाडा. डोळे सांभाळा, हात फवाऱ्यापुढे आणू नका. जे बंद केल्यावर बुडबुडे थांबतील त्याच सिलिंडरचा लायनर, हेडचा पूल आणि ब्लॉकमधल्या बोल्टाच्या भोकापासून निघालेला तडा, या क्रमाने पाहा.